हाताखाली किती?

दारव्ह्याच्या स्टँडवर काळी-पिवळी भरत होती. आमच्या दोन मोठ्या बॅगा टपावर चढल्या होत्या, दोरी आवळून झाली होती, आणि आत पाय ठेवायला जागा नसतानाही ड्रायव्हर "यवतमाळ, यवतमाळ" ओरडत आणखी माणसं शोधत होता. बाबा माझ्या खिडकीपाशी उभे होते. पांढरा शर्ट आत खोचलेला, खिशाला पेन. निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं, तरी अंगावरची शाळा उतरली नव्हती.

"याले वजाबाकी येत नाही," ड्रायव्हरकडे बोट करून ते म्हणाले. "नुसती बेरीज करून राह्यला."

जीपमधले सगळे हसले. मी हसता हसता रडायला लागले. माझ्या नवऱ्याला, निखिलला, इंग्लंडात लीड्स नावाच्या शहरात दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी लागली होती आणि मी त्याच्यासोबत निघाले होते. मी डी.एड. झालेली, यवतमाळच्या एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवणारी. तिकडे जाऊन मी काय करणार, हा प्रश्न मला कितीतरी दिवस खात होता. मी तो कुणाजवळ बोलले नव्हते. बाबांना तरी कळला असावा. जीप सुरू झाली तसे ते खिडकीत वाकले.

"जाय माय. तिकडचे पोट्टेई बोटावरच मोजतात."

मग ते वळले आणि चालायला लागले. जीप हलेपर्यंतही थांबले नाहीत. डोळे दिसू नयेत म्हणून असेल. मी मान वळवून पाहत राहिले, आणि केळीच्या गाड्यांच्या गर्दीत तो पांढरा शर्ट दिसेनासा झाला.

तुम्ही जे मागे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. तुमच्यातले कित्येक जण बाबांजवळ पहिले आकडे शिकलात. आणि आज मला त्यांचा चेहरा आठवायचा म्हटलं की आधी ती पाठच येते. प्रत्यक्ष पाहिलेले बाबा ते तेवढे शेवटचे.

बाबांच्या शाळेत गणिताचा तास जमिनीवर बसून व्हायचा. कापूस वेचून झाला की शेताच्या धुऱ्यावर पऱ्हाटीचे, कापसाच्या वाळल्या झाडांचे, ढीग पडत. त्यातल्या सरळ काड्या बाबा सायकलच्या कॅरिअरला बांधून आणत, बोटभर तुकडे करत आणि दहा-दहाचे गठ्ठे सुतळीनं बांधून आमच्यापुढे टाकत. तेवीसमधून आठ द्यायचे म्हणजे एक गठ्ठा सोडावाच लागे. मला गठ्ठा सोडायला आवडत नसे. इतका छान बांधलेला, कशाला सोडायचा? मी तो पोटाशी धरून बसायची. "सोडशील तवाच देता येईन ना माय," बाबा म्हणत, आणि सोडेपर्यंत थांबत. ओढून घेत नसत. अंगणात त्यांनी चुन्यानं एक लांब रेघ ओढली होती, तिच्यावर आकडे, आणि आम्ही बेडूक होऊन पुढे-मागे उड्या मारायचो. पाऊस आला की रेघ धुऊन जाई आणि उघडीप झाली की बाबा पुन्हा चुन्याचं डबडं घेऊन वाकलेले दिसत.

पण सगळ्यांचा जीव होता तो हाताखालच्या खेळावर. दहा चिंचोके जमिनीवर मांडायचे. सगळ्यांनी मोजायचे. मग डोळे मिटायचे. बाबा काही चिंचोके आपल्या पंजाखाली झाकत आणि म्हणत, "पाहा. आता सांगा, हाताखाली किती?" बाहेर सहा दिसत असतील तर कुणी ओरडे पाच, कुणी तीन. बाबा पंजा हलवत नसत. "मले नोको इचारू. हाताले इचार." म्हणजे आपली दहा बोटं समोर धरायची, जेवढे चिंचोके दिसतात तेवढी मिटायची, आणि उभी राहिली तेवढे लपलेले. ज्याचं उत्तर आलं त्यानं बाबांचा पंजा उचलायचा. तो मान मिळावा म्हणून आम्ही जिवाचं रान करायचो. त्या पंजाला खडूचा आणि तंबाखूचा वास यायचा.

लीड्समध्ये पहिलं वर्ष मी खिडकीतून पाहण्यात घालवलं. हीटिंग लावलं तरी पायाला गारवा जाणवायचा, बोलायला माणूस नाही, आणि दुपारी चारलाच अंधार. मग जवळच्या प्रायमरी स्कूलमध्ये टीएची जागा मिळाली. टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट. मुलांच्या बुटांचे बंद बांधायचे, नाकं पुसायची, पेन्सिलींना टोक करून ठेवायचं. इकडे मी बाई होते, तिकडे मदतनीस झाले. आईला मी ते नीट सांगितलंच नाही. ती शेजारी "सुमी इंग्लंडात मास्तरीण हाये" असंच सांगत राहिली.

वर्गाच्या मुख्य टीचर मिसेस कार्टर. उंच, थकलेल्या, मायाळू बाई. गणितात मागे पडलेल्या चार मुलांना बाजूला घेऊन बसायला त्यांनी मला सांगितलं. कॉरिडॉरमध्ये कोट लटकवायच्या खुंट्यांखाली आम्ही गालिच्याच्या तुकड्यावर बसायचो. त्यांनी मला काउंटर्सचा डबा दिला. प्लास्टिकच्या चकत्या, एक बाजू लाल, एक बाजू पिवळी. मी त्या हातात घेतल्या आणि मला फोडलेले चिंचोके दिसले, एका बाजूनं काळे, एका बाजूनं पांढरे, आजोबा ज्यांच्यावर पट खेळायचे ते.

मी दहा चकत्या मांडल्या आणि पंजाखाली काही झाकल्या. माझं इंग्रजी तेव्हा तुटकं. युसुफ नावाचा मुलगा माझ्या हाताखाली डोकावायला लागला, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हाताले इचार!"

मुलं थबकली. मी माझी बोटं दाखवली, मिटली, पुन्हा उघडली. त्यांना ते कळलं. आठवडाभरात चौघंही खांदे उडवत "हाताले इचार, हाताले इचार" म्हणायला लागली, अर्थ न कळता, जत्रेतल्या पिपाणीसारखं. मिसेस कार्टरनी एकदा विचारलं की ही कुठली भाषा. मी म्हटलं, माझ्या वडिलांची.

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी बाबांना सांगितलं. ते इतके हसले की फोन हातातून निसटला आणि पडद्यावर आमच्या ओसरीचं छत दिसायला लागलं.

"अवं, ऐकलं का?" ते आईला ओरडून सांगत होते. "इंग्रजाचे पोट्टे वऱ्हाडी बोलून राह्यले!"

त्यानंतर दर रविवारी ते विचारायचे, "तुया वर्गात पोट्टे किती?" मी सांगायची. मग एकाच कॉलमध्ये दोनदा विचारायला लागले. मग तीनदा. एका रविवारी फोन माझ्या धाकट्या भावानं, मंगेशनं, अंगणात नेला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, बाबा इसरून राह्यले. सकाळी शर्ट घालून तयार होतात. म्हनतात, शाळेत जातो."

मंगेशनं त्यावर एक युक्ती काढली होती. तो बाबांना मोटरसायकलवर बसवायचा, गावाबाहेर बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या गंजलेल्या रुळांपर्यंत एक चक्कर मारायचा आणि परत आणून म्हणायचा, "बाबा, आज सुट्टी हाये." बाबा खूश होऊन शर्ट काढून खुंटीला लावायचे. यवतमाळच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या. मी म्हणत होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत येते, मग मोठ्या डॉक्टरला दाखवू.

उन्हाळा यायचा राहिला. कापसाच्या दिवसांत, बाजाराच्या दिवशी, मंगेश गाडी घेऊन कापसाच्या जिनिंग मिलवर गेला होता. आई कणीक मळत होती. बाबांनी दारातून सांगितलं, "शाळेत चाललो." रोजच सांगायचे. आईनं मान वर न करता म्हटलं, "अजी, लवकर या." आणि ते गेले.

संध्याकाळपर्यंत कुणाला काही वाटलं नाही. मग बाजार धुंडाळला, स्टँड धुंडाळला, त्यांची जुनी शाळा पाहिली, रुळांच्या कडेकडेनं मंगेशचे मित्र पार पुढच्या गावापर्यंत चालत गेले. पोलिसात तक्रार दिली. फोटो सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. माझ्याच मैत्रिणींनी तो मला परत पाठवला. मी निघाले तेव्हा मिसेस कार्टरनी रजेचं काही विचारलं नाही, फक्त माझा कोट स्वतः खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला.

घरी पोचले तेव्हा आई ओसरीवर बसली होती. तिनं मला पाहून एवढंच म्हटलं, "चपला नव्या घालून गेले ना ते. टोचत असतील."

नेरहून एक फोन आला, तो दुसराच म्हातारा निघाला. अमरावतीच्या बसमध्ये कुणी पाहिले म्हणे, तेही खरं नव्हतं. मग पांढरकवड्याच्या पलीकडून, डोंगरातल्या एका कोलाम पोडावरून, आदिवासी वस्तीवरून, एका बाईचा फोन आला. ती तिथली अंगणवाडी सेविका, सुनंदाताई. म्हणाली, "फोटोतले गुरुजी आमच्याकडं होते."

मंगेश आणि मी मोटरसायकलनं निघालो. हायवे सोडला तशी सागाची झाडं सुरू झाली आणि रस्ता मातीचा झाला. वीसेक घरांचं पोड, कुडाच्या भिंती, एक खोलीची शाळा, समोर चिंचेचं झाड. सुनंदाताई शाळेच्या वट्ट्यावरच आमची वाट पाहत होती.

"कोणी आणलं नाही त्याईले," ती सांगायला लागली. "सकाळी पाह्यलं तं इथी बसेल. मी म्हणलं, गुरुजी, कोणत्या शाळेचे? तं म्हने, याच. नवीन बदली झाली."

"तुम्ही विश्वास ठेवला?" मंगेशनं विचारलं.

"काहून नाही ठेवा? आमचे मास्तर ट्रेनिंगले गेलते. अन् हे शिकवतच असे होते, का पोट्टे घरी जायले तयार नसत. जेवाचं म्हणसान तं ज्याच्या घरचं पोट्टं, त्याच्या घरी ताट." तिनं पंजा वट्ट्यावर टेकवला. "एक मातर होतं. चिंचोके हाताखाली लपवले का किती लपवले थे त्याईले सोताले ध्यानात नसे. गोंधळून जात. मंग पोट्टेच सांगत, गुरुजी, चार हायेत. हात उचलून पाहत, अन् चार निघाले का गुरुजीच टाळ्या वाजवत. पोरायले वाटे, हाबी खेळच हाये."

मंगेश उठून चिंचेखाली जाऊन उभा राहिला.

"मग गेले कुठं?" मी विचारलं.

"मास्तर परत आले. भला माणूस हाये बिचारा. त्यानं सरळच इचारलं, गुरुजी, बदलीची ऑर्डर असन ना? तसे हे गप झाले. खिसे पाह्यले. पिशवी पाह्यली. म्हने, घरी राह्यली, आणतो. अन् चालले गेले. आम्हाले वाटलं, घरीच गेले. फोटो तं मंग आला मोबाइलवर."

एक मुलगी मघापासून आमच्याकडे पाहत होती. सहा-सात वर्षांची, केसांना लाल रिबीन. मी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, गुरुजींनी काय शिकवलं? तिनं फ्रॉकच्या खिशातून चिंचोके काढले, मातीत मांडले, मला डोळे मिटायला लावले. डोळे उघडले तेव्हा तिचा छोटा पंजा जमिनीवर होता.

"हाताखाली किती?"

बाहेर सात होते. मला ते दिसत होते. मी त्या पंजाकडेच पाहत राहिले. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मग समजूत घातल्यासारखी म्हणाली, "हाताले इचार ना."

मी तिचं नाव विचारलं.

"गंगू. पण गुरुजी मले सुमे म्हनत. मी म्हणलं, मी गंगू हावो. तं म्हनत, असू दे सुमे, मोज."

माझं नाव सुमन आहे हे मी तिला सांगितलं नाही. तिचा पंजा उचलून तीन चिंचोके पाहिले आणि ती हसली, तेव्हा मीही हसले. ते नाव त्या दिवसांत तिचं होतं. बाबांनी ते तिला दिलं होतं आणि मला मागायचा हक्क वाटला नाही.

त्यानंतर आम्ही शोधायची पद्धत बदलली. गावात शिरलो की मंगेश मोठ्या माणसांना फोटो दाखवायचा आणि मी पोरांपुढे चिंचोके मांडायची. फोटो पाहून लोक काहीही सांगत. कुणाला मदत करायची असते, कुणाला नुसतं बोलायचं असतं. पोरं खोटं बोलू शकत नव्हती. खेळ येत असला तर बाबा तिथे येऊन गेले, नसला तर नाही. पुढच्या एका तांड्यावर पोरांना तो येत होता. तिथे चिंच नव्हती म्हणून ती खडे घ्यायची, आणि "इचार, इचार" असा नुसता गलका करायची. हायवेच्या कडेला पंक्चर काढणाऱ्याच्या लेकीला येत होता. तिनं सांगितलं, म्हातारेबाबा इथे चहा प्यायले आणि ट्रकमध्ये बसले. कोणता ट्रक, कुठल्या बाजूचा, तिला सांगता येईना.

आम्ही हायवेनं दक्षिणेकडे गेलो. पैनगंगेचा पूल ओलांडला. पलीकडे पाट्या तेलुगूत. तिथेही शाळा होत्या, शाळांपुढे पोरं होती. मी मातीत दहा चिंचोके मांडायची, पंजा ठेवायची, आणि पोरं माझ्या तोंडाकडे पाहत राहायची. पुढचं गाव. पुन्हा तेच. मग उत्तरेकडे वळून हिंगणघाटच्या रस्त्याची गावं पाहिली. पंजा ठेवायची, वाट पाहायची. काही दिवसांनी मला त्या नुसत्या पाहणाऱ्या पोरांची भीती वाटायला लागली. एखाद्या गावाबाहेरच मी मंगेशला म्हणायची, इथे नको. तो गाडी बंद करायचा आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला पुढे न्यायचा.

दवाखान्यांतून फोन येत, ते त्यानं मला कधी घेऊ दिले नाहीत. बेवारस म्हाताऱ्यांचे चेहरे पाहायला तो एकटा जायचा. परत आला की घरात न शिरता मागच्या दारी आंघोळ करायचा. आई त्याला विचारत नसे. बंबात पाणी तापवून ठेवायची आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहायची. तेवढ्यावरून तिला कळायचं, आज नाही.

माझी रजा संपली. मला निघवेना. मंगेशच म्हणाला, "तू जाय ताई. तू इथी राह्यली तं मले तुयाकडंई पाहा लागते."

लीड्सला परतले त्याला आता काही वर्षं झाली. नोकरी तीच. कॉरिडॉरमधली चार मुलं दर वर्षी नवी असतात. मी त्यांना गठ्ठे बांधायला लावते, फरशीवर चिकटपट्टीची रेघ ओढून उड्या मारायला लावते, आणि हाताखालचा खेळही खेळते. तो सोडून द्यावा असं मनात आलं होतं. पण मागे पडलेल्या मुलाला दहा म्हणजे सहा आणि चार, हे त्याच्याइतकं चांगलं काहीच शिकवत नाही, आणि त्या मुलांचा काय दोष? फक्त कधी कधी चकत्यांवर ठेवलेला माझा पंजा मला दिसतो आणि तो बाबांचा असतो. तीच आखूड बोटं, तसाच उभट अंगठा. मग हात उचलवत नाही. एकदा मी किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. युसुफ तेव्हा मोठ्या वर्गात गेला होता, पण पाणी प्यायला चालला असताना थांबला, खाली बसला आणि माझं एक एक बोट हळूच उचलून चकत्या मोकळ्या केल्या. "फोर, मिस," असं म्हणून निघून गेला.

बसमध्ये, पार्कात, पोस्टाच्या रांगेत म्हातारी माणसं दिसतात. पांढरा शर्ट दिसला की मी वळून पाहते. पैनगंगेपलीकडे न पोचलेला माणूस यॉर्कशायरमध्ये कुठून येणार, हे मला कळतं. मान ऐकत नाही.

गेल्या वर्षी मामा घरी आला. आईचा थोरला भाऊ, जाणता माणूस. मंगेशनं मला कॉल लावून फोन स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला होता, म्हणजे मीही त्या बैठकीत होते. मामानं हळूहळू विषय काढला. इतकी वर्षं झाली. पळसाचा पुतळा करून विधी करता येतो. जीव मोकळा होतो, घर मोकळं होतं.

आई गव्हातले खडे वेचत होती. तिचा हात थांबला नाही.

"म्हंजे मी माया हातानं माया माणसाले मेला म्हणू?"

"तसं नाही बाई..."

"अन् उद्या थे दारात उभे राह्यले तं काय सांगू? अजी, तुमी मेले हा, तुमचं तेरावं झालं?"

मामानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मंगेश मात्र उठून उभा राहिला. तो किती बारीक झाला होता, ते मला त्या छोट्या पडद्यावरही दिसलं.

"माय, मी अजून रस्त्यानं जाताना प्रत्येक म्हाताऱ्यापाशी गाडी हळू करतो. प्रत्येक. मले कोणीतरी सांगा ना, का बस, आता नोको थांबू." मग तो फोनकडे वळला. "ताई, तू सांग. तू मोठी हायेस."

मी दोघांकडे पाहत होते. दोघंही खरं बोलत होते. दूर राहणाऱ्या माणसाला शहाणपण सांगणं फार सोपं असतं, म्हणून मी ते केलं नाही. म्हटलं, "आई नाही म्हणते तोवर नाही. पण मंग्या, तू गाडी हळू नको करू. ते काम तुझं संपलं. पाहायचंच असेल तर आई पाहील, मी पाहीन."

त्यानं डब्याला टेकवलेला फोन उचलला. फोन बंद झाला. पण पुढे काही महिन्यांनी त्याच्या बायकोनं मला सांगितलं, की आता ते नीट जेवतात, आणि गाडी सरळ चालवतात.

आईला मी कितीदा म्हटलं, लीड्सला ये, चार महिने राहा. ती लग्नकार्याला यवतमाळलाही मुक्कामी जात नाही. "मंगेश अन् सून कामावर गेले का दिवसभर घराले कुलूप लावू?" एवढंच म्हणते, जणू मी काही अभद्र सुचवलं.

यंदा ईस्टरच्या सुट्टीत तिकीट अचानक स्वस्त मिळालं आणि मी कुणाला न सांगता निघाले. नागपूरहून यवतमाळ, यवतमाळहून काळी-पिवळी. एप्रिलचं ऊन, दुपारची वेळ, आमच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी बॅग उचलून धरली, चाकांचा आवाज होऊ नये म्हणून. गंमत करायची होती. फाटक उघडून आत आले आणि दार वाजवलं.

आतून आईची पावलं धावत आली. तिचे गुडघे दुखतात, ती कधी धावत नाही. दार उघडलं आणि मी तिचा चेहरा पाहिला. इतका उजळलेला चेहरा मी तिचा कधीच पाहिला नव्हता, माझ्या लग्नातही नाही. मग तिला मी दिसले, आणि तो चेहरा विझला.

"तू व्हय," ती म्हणाली.

क्षणभरच. लगेच तिनं मला छातीशी धरलं, रडली, न सांगता आली म्हणून रागावली, माठातलं पाणी दिलं, माझे गाल चाचपून वाळली वाळली म्हणाली. खोटं त्यात काही नव्हतं. पण तो क्षण मी पाहिला होता आणि मी पाहिला हे तिलाही कळलं होतं. आम्ही त्यावर बोललो नाही. मला वाईट वाटलं नाही, हे मी खरं सांगते. मी लहान होते तेव्हा ते दार माझी वाट पाहायचं. गावाहून, शाळेतून, होस्टेलमधून मी आले की ते माझ्यासाठी उघडायचं, आणि तेवढ्यालाच मी घर समजत होते. आता ते दुसऱ्या कुणासाठी उघडतं आणि मी त्यातून आत जाते. आमच्यातल्या कुणाची तरी वाट पाहणं तिथे अजून चालू आहे, म्हणून ते घर आहे. ते थांबेल त्या दिवशी दारव्हा मला नकाशावरचं एक गाव होईल.

मी बॅग घेऊन ओसरी चढले. पंखा लावला. वळून पाहिलं तर आई अजून दारातच होती, एक हात चौकटीवर, रस्त्याकडे तोंड करून. माझ्या मागून आणखी कुणी येतंय का, ते पाहत होती.